माझा मुलगा जबलपूरला होता

दोन हजार तेवीस साल होतं आणि मी एकाहत्तर संपवून बहात्तराव्यात लागलो होतो, तेव्हा मला नात असती तर तिच्या वयाच्या एका मुलीने मला समोर बसवून सांगितलं की दादाजी, तुमचा मुलगा आळशी नाही, बीमार आहे, आणि तो बरा होऊन मग नोकरीवर जाईल असं नाही, नोकरीवर जाता जाता बरा होईल. मी उठून चाललोच होतो. पण तिथूनच सुरू केलं तर मी कोण ते तुम्हाला माहीत नाही पडणार, म्हणून ताई, आधी आमचं लिहा.

आमचे लोक शिंदे सरकारच्या लवाजम्याबरोबर इकडे उज्जैनला आले. लढणारे नाही, रंगवणारे. तंबूच्या कनाती, निशाणं, हत्तीवरची झूल, हे रंगवायचं आमचं काम. मग हत्ती गेले, झूल कोण घालणार, तर आमच्या आज्याने भैरवगढ़ला घर केलं आणि चादरींची छपाई धरली. लाकडाचे ठप्पे, रंगाची गादी, लांब पाट आणि पाटावर अंथरलेली चादर, एवढाच आमचा संसार. तेव्हापासून आम्ही इथेच. घरात मराठी, गल्लीत मालवी, गिर्‍हाइकाशी हिंदी, आणि ठप्प्याशी काहीच नाही, त्याच्याशी बोलावं नाही लागत, ठेवायचा आणि मुठीने एक ठोका. मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरांनी मला पट्टी मारली, मी ती पट्टी त्यांच्या समोर तोडली, आणि घरी येऊन पाटाशी उभा राहिलो. पश्चात्ताप नाही. वाचता येतं मला, बोट ठेवून, हळू. पण ऐकून घ्या, या हाताचा ठोका असा आहे की वीस हातांच्या कापडावर बुट्टी एक सुतभर इकडची तिकडे होणार नाही.

आता एक गोष्ट लिहून ठेवा, पुढे लागेल. आज्याचा नियम होता की डागी माल लोकांना दिसता कामा नये. रंग फुटला, ठप्पा सरकला, चादरीवर डाग पडला, तर ती चादर त्या क्षणाला घडी करून मागच्या कोठीत टाकायची. स्वस्तात विकायची नाही, गरिबाला द्यायची नाही, अंगणात वाळतसुद्धा टाकायची नाही. का, तर बघणारा बोलेल यांच्याकडे अशी निघते. वडिलांनी तेच केलं, मीही तेच केलं. त्या कोठीत किती चादरी पडल्या आहेत ते मलाही माहीत नाही. कोणी मोजत नाही, कोणी बघत नाही.

मला एकच मुलगा, सुधीर. त्याला पाटाशी उभं नाही केलं, शिकवलं. तो गणितात असा निघाला की मी तर थक्कच झालो, हे आमच्या घरात कुठून आलं. सरकारी शाळेत मास्तर झाला, आगर रोडच्या बाजूला एका गावात, इथून मोटरसायकलवर अर्धा तास. गल्लीतून मी चाललो तर पोरं बोलायची, सरचे बाबा आले, सरचे बाबा आले. आयुष्यभर मला लोक छपाईवाले बाबा बोलले, आणि म्हातारपणी मी सरचा बाबा झालो. ती ऐट काय सांगू तुम्हाला. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी यायचो.

मग दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यानंतर तो बसला. बसला मतलब झोपला. पहिले एक दिवस नाही गेला शाळेत, मग दोन दिवस, मग आठवडा. ताप नाही, खोकला नाही, पोट बरोबर. मी विचारलं काय झालं, तो बोलला काही नाही झालं बाबा. मी विचारलं कोणी काही बोललं का शाळेत, नाही. कोणाशी भांडण, नाही. मुलगी-बिलगी, नाही. सगळ्यात मोठा धक्का मला तोच बसला, की काहीच झालं नव्हतं. काही झालं असतं तर मी जाऊन निस्तरलं असतं, कोणाची कॉलर धरली असती, पाया पडलो असतो. काही झालंच नाही त्याचं काय करायचं? धडधाकट, पस्तीस वर्षांचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि आंघोळीचं विचारलं तर त्याचे डोळे भरून यायचे. आंघोळीचं विचारलं म्हणून.

मी सगळं केलं. मंगळनाथला पूजा केली, भैरवबाबाला नवस बोललो, एका माणसाने ताईत दिला तो बांधला, ब्राह्मीचं तेल थापलं. शिव्या दिल्या. गोडीत बोललो. परत शिव्या दिल्या. आमची ही, कुसुम, मला बोलायची की अहो, तुमच्या आवाजाने भिंतीचा रंग उडाला, त्याला नका ऐकवू. पण मी थांबणार्‍यातला नाही. मी पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या छपाईच्या कारखान्यात पाटाशी उभा राहतो सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत, एकशे दोन ताप असला तरी, आणि माझ्या पोटचा पोरगा बिना तापाचा झोपून राहतो, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्यात देवासहून एक स्थळ आलं होतं. चांगले लोक, मुलगी पण शिक्षिका. ते बोलले मुलाला बघायला येतो. आता मी काय सांगणार? मुलगा खाटेवर आहे, उठत नाही, का नाही उठत तर माहीत नाही? मी फोनवरच बोलून टाकलं, त्याची बदली झाली, जबलपूरला. जबलपूर का? लांब आहे म्हणून. इंदूर बोललो असतो तर उद्या कोणी तिथे भेटायला गेलं असतं. मग ते स्थळ गेलं ते गेलं, पण देवासवाल्यांचे एक नातेवाईक आमच्याच गल्लीत, त्यांनी मला ओट्यावर विचारलं की सरची बदली झाली ऐकलं, कधी झाली? मी बोललो, दिवाळीच्या आधी. जबलपूरला मजेत आहे. राहायला क्वार्टर मिळालं.

ताई, क्वार्टर मिळालं हे मी का बोललो ते मला आजपर्यंत समजलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

मग ते वाढतच गेलं. होळीला विचारलं, सर आले नाही? मी बोललो सुट्टी नाही मिळाली. राखीला त्याची चुलत बहीण येणार होती, तिला कळवलं की तो येणार नाही, तू पोस्टाने माझ्याकडेच पाठव, पुढे जबलपूरला मी धाडतो. ती राखी मी घरात आणून त्याच्या उशाशी ठेवली. बाहेरचं दार लोटलेलं ठेवायला लागलो. मोटरसायकल मागे घेऊन तिच्यावर जुनी चादर टाकली. डॉक्टरकडे न्यायचं तर भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, आणि घरातच त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, काच खाली. मी चढवायचो, माझ्या हाताने, पट्टा पण मीच लावायचो. तो काही बोलायचा नाही. मला वाटायचं, त्याला पण हेच बरं वाटतंय.

डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडला, खोटं का बोलू, झोप लागायला लागली, पोळी दोन खायला लागला, आंघोळ स्वतः. पण खाट सुटेना. असं करत दीड वर्ष गेलं. मग शाळेकडून कागद आला की रजा आता संपत आली, दिवाळीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा, नाहीतर पुढची कारवाई होईल. पुढची कारवाई मतलब नोकरी जाणार, एवढं चौथी शिकलेल्याला पण समजतं. डॉक्टर बोलला, आता नुसत्या गोळ्यांनी नाही होणार, याला बोलायचा इलाज पाहिजे, आणि त्याने आम्हाला पाटीदार मॅडमकडे पाठवलं.

तीच ती मुलगी. फ्रीगंजच्या बाजूला एक छोटी खोली, दोन खुर्च्या आणि एक स्टूल, मला स्टूल मिळालं. मी पहिलेच विचारलं, तुम्हाला मुलं किती? ती बोलली, अभी शादी ही नहीं हुई, दादाजी. मी बोललो, मग तुम्हाला काय समजणार. ती हसली, आणि तिने सुधीरला विचारलं, सर, आप पढ़ाते क्या थे? दोन वर्षांत त्याला कोणी हे विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे काय होतंय, कसं वाटतंय, झोप लागली का. तो बोलला, आठवी, गणित. आणि बघा, सर बोलली ती त्याला. हेल्मेट त्याच्या मांडीवर होतं.

तेव्हाच ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं. ती बोलली की आपण तब्येत आणि काम असे दोन डबे नाही करायचे. छोटं छोटं काम लिहून देते, सोप्यापासून अवघडपर्यंत, एक एक पायरी, आणि शेवटच्या पायरीवर शाळा. शाळेतही एकदम पूर्ण दिवस नाही, मी हेडमास्तरीण बाईंशी बोलेन, आधी एकच तास. मी बोललो, एक तास? माणूस एक तर कामावर असतो नाहीतर नसतो, हे काय लोणचं आहे चाखून बघायला? तिने मला विचारलं, दादाजी, तुमचा हात कधी मोडला का? आता हे तिला कोणी सांगितलं माहीत नाही, पण मोडला होता, उजवं मनगट, पायरीवरून पडून. ती बोलली, मग प्लास्टर काढल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण चादर छापली? मी बोललो, नाही, पहिले महिनाभर नुसती किनार, लहान ठप्प्याने. मी बोललो, हाताचं वेगळं. ती बोलली, कसं वेगळं? मी बोललो, तुमचा पंखा फार आवाज करतो.

दर गुरुवारी जायचं, असं ठरलं. तिने त्याला कागद दिले, रेघा मारलेले. काय केलं, किती वाजता, आणि केल्यावर मनाला कसं वाटलं त्याचे दहापैकी मार्क. मार्क स्वतःच द्यायचे. मी तर बघतच राहिलो, मास्तरलाच मार्क द्यायला लावले. आणि जे जमलं नाही ते का नाही जमलं, तेही खरं खरं लिहायचं. त्याला राग आला, भीती वाटली, लोक हसतील असं वाटलं, जे असेल ते. मग गुरुवारी ते दोघे बसून तपासायचे की सर, मुलं हसतील असं तुम्ही लिहिलंत, तर आधी हसली होती का, किती हसली, हसली तर पुढे काय झालं. मी बाहेर स्टुलावर.

पहिल्या पायर्‍या झाल्या. खाटेवरून उठून खिडकीशी चहा पिणे, झालं. स्वतःचे कपडे धुणे, झालं. मागच्या अंगणात अर्धा तास बसणे, झालं. एक दिवस त्याने जुनं गणिताचं पुस्तक काढलं, त्यातलं एक उदाहरण सोडवलं, ते कुसुमने मला इशार्‍याने दाखवलं, मी पदराआडून बघावं तसं दारातून बघितलं. मला वाटलं चला, गाडी लागली.

मग पुढची पायरी होती, सकाळी कोपर्‍यावरून दूध आणणे. घरापासून भेरूलालच्या डेअरीपर्यंत किती, माझी साठ पावलं. ते काही होईना. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. सकाळी तो किटली हातात घ्यायचा, चपला घालायचा, दारापर्यंत यायचा आणि उभा राहायचा. घाम फुटायचा. मग किटली खाली ठेवायचा. मी जायचो. आणि नवरात्र आलं होतं, मग दिवाळी, दिवस असे हातातून चाललेले. मी त्याला बोललो, अरे साठ पावलं, लंगडा माणूस जातो, आंधळा जातो. रामघाटावर जाऊन बघ, कुठून कुठून म्हातार्‍या येतात, काठी टेकत पायर्‍या उतरतात आणि डुबकी मारतात, आणि तुला गल्ली ओलांडवत नाही? तो बोलला, बरोबर आहे बाबा. असं बोलायचा तो, बरोबर आहे बाबा, आणि भिंतीकडे तोंड. मी मनात बोललो, झालं, गेली नोकरी. माझ्या डोळ्यांदेखत गेली.

दसर्‍यानंतरच्या गुरुवारी मॅडमने मला आत बोलावलं. बोलली, सरना तुम्हाला काही दाखवायचंय, पण ते बोलू नाही शकत, तर कागद देतील. सुधीरने कागद पुढे केला. मी बोललो, तुम्हीच वाचा मॅडम, माझा चष्मा नाही. चष्मा खिशात होता आणि त्या दोघांनाही दिसत होता. मग मी तो घातला, आणि बोट ठेवून वाचायला लागलो, मोठ्याने, मला मनात वाचता नाही येत.

हिंदीत लिहिलं होतं, मॅडमला समजावं म्हणून. वर तारीख. मग, सुबह छह बजे, दूध लेने जाना, नहीं हुआ. पुढे रकाना, कारण. मी बोट सरकवलं. मैं, उज्जैन में, नहीं हूँ.

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. परत बोट मागे नेलं. दुसर्‍या दिवशीचं बघितलं, तेच. नहीं हुआ, कारण, मैं उज्जैन में नहीं हूँ. तिसर्‍या दिवशी, नहीं हुआ, मैं जबलपुर में हूँ. मी अडखळलो, पुढचं अक्षर दिसेना, तर सुधीर हळूच बोलला, सावकाश बाबा, एक एक शब्द. तो आवाज मास्तरचा होता, ताई. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला बोलतात ना, तसा. दोन वर्षांनी ऐकला मी तो.

खाली आणखी होतं. गोरधन काका ओटले पर आए, एक घंटा बैठे, मैंने खाँसी रोकी. गोरधन मतलब आमच्या गल्लीतला शेजारी. मार्कांच्या रकान्यात, शून्य. मी विचारलं, हे काय आहे? तो बोलला, कोणी आलं की मी खोकत नाही बाबा. पाण्याचा पेला पण वाजू देत नाही. तुम्ही सांगत असता ना बाहेर. मी विचारलं, कधीपासून? तो बोलला, तुम्ही क्वार्टर मिळालं बोललात तेव्हापासून.

आमच्या ओट्याला आणि त्याच्या खाटेला मधे एक भिंत आहे, विटेची. मी ओट्यावर बसून जे जे बोललो ते सगळं त्याने ऐकलं. त्याच्या शाळेतली मोठी खोली, त्याचा पगार वाढला, त्याची तब्येत सुधारली, जबलपूरचं पाणी मानवलं. मीच बोललो हे सगळं. आणि आत तो खोकला दाबून पडलेला.

आणि सर्वात खाली एक ओळ होती, ती मी शेवटी वाचली. दस बजे, बाबा कारखाने गए, घर शांत. मार्क, सहा. पूर्ण कागदावर सहा दुसर्‍या कशाला नव्हते. मी कागद उलटा करून बघितला, मागे काही होतं का. काही नव्हतं.

मॅडमने मला काही ऐकवलं नाही. मी वाट बघत होतो की ही आता मला बोलेल, बोलली असती तर मी भांडलो असतो, मला ते येतं. ती एवढंच बोलली की दादाजी, ही पायरी सरची आहे, पण दरवाजा तुमच्याकडे आहे. आणि मला पाणी दिलं. मी पाणी प्यालो नाही. मी विचारलं, दिवाळीच्या आत होईल? ती बोलली, तेही तुम्हीच सांगा.

परत येताना ई-रिक्शा केली. त्याने सवयीने हेल्मेट उचललं. रिक्शात बसून हेल्मेट घालतं का कोणी? पण आम्ही घालायचो. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे, आणि त्याने ते घातलं, आणि मी काही नाही बोललो. तिथे बोलायला पाहिजे होतं. नाही निघालं तोंडातून. साठ वर्षं मूठ आपटून काम केलं, आणि तेवढं एक, की काढ ते, ते नाही निघालं.

घरी कुसुम तुळशीला दिवा लावत होती. मी तिला बोललो, तुला माहीत होतं का, तो खोकत नाही ते? ती बोलली, मला माहीत नसेल? त्याच्या उशीवर तोंड दाबल्याच्या खुणा कोण धुतं? मी बोललो, मग बोलली का नाहीस? तर ती माझ्याकडे वळली, वात हातात तशीच, आणि बोलली की बोलले नाही असं नका बोलू, तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही त्याला डागी चादर केलं. घडी करून कोठीत. तुमच्या आज्याने चादरी टाकल्या, तुम्ही पोरगा टाकला. आणि परत तिने तुळशीकडे तोंड केलं आणि दिवा लावला, जसं काही झालंच नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ती मला अशी बोलली नव्हती. मी ओट्यावर जाऊन बसलो, मग उठलो, कारण ओट्यावर बसायची लाज वाटली.

आता तुम्ही विचाराल पुढे काय झालं, तर ते आधीच सांगतो, लपवायचं काही नाही. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी तो हजर झाला. त्याच्या आधी एका रविवारी तो आणि मॅडम रिकाम्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन आले. मग एक दिवस नुसता स्टाफरूममध्ये बसून आला. हेडमास्तरीण बाईंनी पहिला महिना त्याला एकच तास दिला, आठवी, गणित, आणि बाकी वेळ वह्या तपासायच्या. पोरांनी विचारलं, सर, कुठे होतात? त्याने सांगितलं, बीमार होतो. पोरं बोलली, अच्छा, आणि पुस्तक काढलं. एवढंच. त्याने ते कागदावर लिहिलं म्हणे, आणि आठ मार्क दिले. आता पूर्ण दिवस जातो. गोळ्या चालू आहेत. महिन्यातून एखादा दिवस असा येतो की उठवत नाही, मग तो शाळेत फोन करून तसं सांगतो, आणि दुसर्‍या दिवशी जातो. मला अजून पूर्ण समजलं असं मी बोलणार नाही. बोलून आणि कागदावर रेघा मारून माणूस कामावर जातो, हे मी डोळ्यांनी बघितलं तरी मला अजून नवल वाटतं. त्या मुलीला मी एक चादर छापून दिली, गुलबुट्टीची, बिना डागाची. ती बोलली, डागवाली नाही का दादाजी? कुसुमने सांगितलं असणार तिला. देव तिचं भलं करो, आणि तिचा पंखा दुरुस्त होवो.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारनंतरची सकाळ राहिली, तेवढी लिहा आणि मग चहा घ्या.

शुक्रवारी सकाळी मी किटली घेऊन भेरूलालकडे गेलो. सहाला तिथे सगळे असतात, गोरधन, देवासवाल्यांचा तो नातेवाईक, शाळेच्या गाडीची वाट बघणार्‍या बाया, दर्शनाला आलेल्यांना घेऊन जाणारे दोन ऑटोवाले. भेरूलालने माप उचललं. मी किटलीवर हात ठेवला. मी बोललो, थांब. मी बोललो, सगळे ऐका. माझा मुलगा जबलपूरला नाही. कधी नव्हता. घरी आहे, दोन वर्षांपासून, त्याला मनाचा आजार आहे, इलाज चालू आहे, आणि खोटं मी बोललो, त्याने नाही. माझा आवाज मोठा आहे, पाटाच्या त्या टोकापर्यंत जातो, पण त्या दिवशी तो कसा निघाला मला माहीत नाही. ऑटोवाल्याने ऑटो बंद केली. मला वाटलं आता हसतील.

भेरूलाल माप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हळूच बोलला, बासाब, तीन माणसांत दीड लिटर लागायचं तुमच्याकडे. पोरगा जबलपूरला गेला तर अर्धा लिटर कमी होतं की नाही? दोन वर्षांत एक दिवस तुमचं दूध कमी नाही झालं. मी रोज दीड लिटर मोजतो. गोरधन जमिनीकडे बघत बोलला, मी तर मुद्दाम ओट्यावर बसायचो, वाटायचं, पोराला कोणाचा तरी आवाज कानावर पडेल.

मी उभा राहिलो तसाच. सगळ्यांना माहीत होतं, ताई. ते मला जबलपूरचं विचारायचे ते माझ्यासाठी विचारायचे.

भेरूलालने किटली ओढली, दूध घालायला. मी परत हात ठेवला. मी बोललो, नको. दूध घ्यायला सुधीर येईल. आज नाही आला तर उद्या. कोणी काही विचारायचं नाही, नुसतं दूध द्यायचं.

रिकामी किटली घेऊन घरी आलो. बाहेरचं दार, जे लोटलेलं असायचं, ते पूर्ण उघडलं आणि मागे वीट लावली. मोटरसायकलवरची चादर ओढून काढली. तो जागा होता, माझ्या पायांचा आवाज ऐकून त्याने भिंतीकडे तोंड केलं. किटली त्याच्या चपलांजवळ ठेवली. कुसुमने विचारलं, दूध? मी बोललो, येईल. रोज मी दहाला निघतो, मग घर शांत होतं. त्या दिवशी सातही नव्हते वाजले, तरी मी टोपी घातली आणि कारखान्याकडे निघालो.